गावातल्या घरात योग-ध्यानाची जागा कशी करावी

विदर्भातल्या खेड्यात रिकामी खोली फार दिवस रिकामी राहत नाही. ऑक्टोबरात सोयाबीनचे कट्टे येऊन पडतात, दिवाळीच्या मागेपुढे कापूस येतो, संक्रांतीच्या सुमारास तूर, होळीपर्यंत हरभरा आणि गहू. भंडारा-गोंदियाकडे धानाची पोती. भाव पडला म्हणून माल थांबवला, की ती खोली उन्हाळ्यापर्यंत गेलीच समजा. 'योगासाठी घरात एक वेगळी खोली ठेवा' हा सल्ला छान दिसतो, पण इथं तो पहिल्याच हंगामात मोडतो. खोलीचा नाद सोडून आपण जागा पाहू. माल, पाहुणा आणि जनावर या तिघांनाही नको असलेली, ऋतूप्रमाणे इकडून तिकडे हलवता येणारी जागा.

जागा फार लागत नाही. अंगाची लांबी आणि हातभर मोकळीक धरली तर सात फूट बाय पाच फूट एका माणसाला पुरते. नवरा-बायको दोघं बसणार असतील तर सात बाय नऊ. घरकुल योजनेतलं घर २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं. त्यातही ३५ चौरस फूट निघतात, फक्त ते रोज तासभर कोणाच्या वाटेत येता कामा नयेत. मोजायला टेप नको. भुईवर उताणे पडा, दोन्ही हात डोक्यामागे ताणा, मग बाजूला पसरा. कुठं पेटी लागते, कुठं पलंगाचा पाय लागतो ते लगेच कळतं. नंतर उभे राहून हात वर करा. जुन्या मातीच्या घरात पाटईची, म्हणजे माळ्याची, लाकडं खाली असतात आणि नव्या स्लॅबच्या खोलीत पंखा. दोन्हीचा हिशेब आधी झालेला बरा.

घराची फेरी

जागा नक्की करण्याआधी एका दिवसात तीनदा घर फिरून पाहा: पहाटे, दुपारी, दिवेलागणीला. पहाटे पाहायचं ते हे, की नळाला पाणी आल्यावर बादल्या कुठून जातात, चुलीचा धूर कुठं वळतो, बकऱ्या कुठून सुटतात. दुपारी कोणती भिंत तापते. संध्याकाळी कोण कुठं येऊन बसतं.

छपरी, म्हणजे घरापुढची पडवी, ही पहिली डोळ्यांसमोर येणारी जागा. हवा खेळती, उजेड चांगला. पण छपरी गावाची असते. रस्त्यानं जाणारा माणूस थांबणार, शवासनात पडलेल्याला "काय करून राहिले जी, बरं नाही का?" विचारणार आणि उत्तर मिळेपर्यंत हलणार नाही. एकट्या म्हाताऱ्या माणसाला किंवा गावात सगळ्यांना सोबत घेऊन बसणाऱ्याला छपरी चालते. ज्याला डोळे मिटायचे आहेत त्याच्या कामाची नाही. बुरडाकडून बांबूचा तट्टा विणून आडवा लावला तर निम्मी अडचण जाते. उरलेली निम्मी सहन करावी लागते.

माजघरातला कोपरा थंड असतो आणि विदर्भात थंड म्हणजे अर्धी लढाई. तिथं उजेड कमी, पण ध्यानाला तो अडचणीचा नाही. सांदवाडीतली, म्हणजे मागच्या अंगणातली जागा हिवाळ्यात सुरेख. पश्चिम विदर्भातल्या जुन्या वाड्यांमध्ये ढाळज, म्हणजे मोठ्या दारालगतची बसायची ओसरी, शिल्लक असेल तर तिच्यासारखी जागा नाही. बहुतेक ठिकाणी तिथं आता मोटारसायकल आणि फवारणीचा पंप उभा असतो.

फवारणीची गोष्ट निघाली म्हणून थांबून सांगतो. ज्या खोलीत कीटकनाशकाच्या बाटल्या, पंप किंवा फवारणीचे कपडे ठेवलेत, त्या खोलीत प्राणायाम नको. बाटली बंद असली तरी नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण पाहिलेलं आहे. दीर्घ श्वास घेताना हवेतलं जे असेल ते आत जाणार. औषधं घराबाहेर, कुलूपबंद पेटीत ठेवा. योग करा की नका करू.

कापूस साठवलेल्या खोलीचंही तेच. महिनोन्‌महिने घरात पडून राहिलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते, हे कापूस पट्ट्यातल्या घराघराला माहीत आहे. रुईचे तंतू आणि धूळ नाकात जाते ती वेगळी. गुरांच्या कोठ्याला लागून असलेली भिंतही टाळा. पावसाळ्यात तिथला मुताचा उग्र वास डोळ्यांत चुरचुरतो.

भुई

हठयोगप्रदीपिका या जुन्या ग्रंथात साधनेच्या कुटीचं वर्णन आहे. लहान दाराची, भोकं-खळगे नसलेली, फार उंच नाही फार ठेंगणी नाही, किडामुंगी नसलेली आणि गाईच्या शेणानं नीट सारवलेली. वाचताना वाटतं, हे तर आपल्या आजीचं माजघर. त्यामुळे ज्यांच्याकडे अजून मातीची भुई आहे त्यांनी टाइल्स लावण्याची घाई करू नये. सारवलेली भुई उन्हाळ्यात थंड, थंडीत टाइल्ससारखी गार पडत नाही, आणि गुडघ्याला फरशीपेक्षा मऊ लागते.

सारवण करायचं तर आधी खळगे भरा. पांढरी माती चाळून, तिच्यात गव्हांडा (गव्हाचा भुसा) किंवा धानाचा भुसा कालवून, एक रात्र भिजवून ठेवा आणि खळग्यात दाबून बसवा. ती पूर्ण वाळली की वर शेण-मातीचा पातळ हात. जाड थर दिला तर तडे जातात आणि नंतर पोपडे सुटून आसनाला चिकटतात. उन्हाळ्यात थर दुपारपर्यंत वाळतो. पावसाळ्यात दोन दिवसही ओला राहतो, म्हणून मृग लागण्याआधी एक चांगलं सारवण करून घ्या आणि मधल्या काळात फक्त झाडून घ्या.

बाजारातली प्लास्टिकची योग मॅट सारवलेल्या भुईवर सरकते, कारण खालची बारीक धूळ तिला पकडू देत नाही. उभ्या आसनात पाय फाकवले की मॅटसकट माणूस निघतो. उपाय साधा आहे: खाली शिंदीची चटई, वर जाड सुती सतरंजी. मॅट घेतलीच असेल तर ती फरशीवर किंवा कोब्यावर वापरा आणि टिनाच्या खोलीत गुंडाळून ठेवू नका; उन्हाळ्याच्या तापानं तिच्या कडा वळतात आणि पृष्ठभाग चिकट होतो. टाइल्सवर ओले पाय घेऊन उभं राहू नका, एवढंच त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं आहे.

ओल तपासायची एक सोपी रीत आहे. रात्री भुईवर प्लास्टिकचा कागद अंथरा, कडांवर विटा ठेवा. सकाळी कागदाखाली थेंब दिसले तर ती जागा पावसाळ्यात बसण्याची नाही.

ऊन

मे महिन्यात अकोला, नागपूर, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तेव्हा जागेपेक्षा वेळ महत्त्वाची. मे महिन्यात आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास उजाडतं, तर जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य सातच्या जरा आधी वर येतो. उन्हाळ्यात पाचला बसलात तर साडेसहापर्यंत सगळं आटोपतं. त्यानंतर सूर्यनमस्कारांचा हट्ट नको.

छपराप्रमाणे जागा बदलते. कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, घराला श्वास असतो, कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा निघून जाते. तिथं पावसाळ्याआधी कवेलू फेरून घेतले की काम झालं. टिनाची खोली दुपारी भट्टी होते. टिनावर पऱ्हाट्या (कापसाच्या काड्या) किंवा तुराट्यांचा थर टाकतात, त्यानं ताप कमी होतो, पण तो थर वाऱ्यात उडू नये म्हणून बांधावा लागतो आणि ठिणगीपासून जपावा लागतो. टिनाला वरून चुन्याचा पांढरा हात दिला तरी फरक पडतो, आणि ते स्वस्त आहे. आतून बांबूच्या तट्ट्याचं छत बांधलं, टिन आणि तट्टा यांत वीतभर पोकळी ठेवली, तर सगळ्यांत उत्तम.

स्लॅबचं घर असेल तर एप्रिल ते जून मुक्काम गच्चीवर. संध्याकाळी पाणी मारून ठेवा; पहाटेपर्यंत स्लॅब निवतो. गच्चीला कठडा नसेल तर काठापासून चार हात आत बसा आणि तोल सांभाळण्याची आसनं, वृक्षासन वगैरे, खालीच करा.

पश्चिमेची भिंत दुपारनंतरचं ऊन पिऊन संध्याकाळी बाहेर टाकते. उन्हाळ्यात सायंकाळी ध्यानाला बसणाऱ्यानं तिला टेकू नये. पूर्वेकडे तोंड करावं असं सगळे सांगतात. हिवाळ्यात ते सुखाचं आहे, कारण कोवळं ऊन अंगावर येतं. मात्र डोळ्यांवर थेट किरण येत असतील तर उत्तरेकडे वळण्यात काही बिघडत नाही. दिशेपायी चांगली थंड जागा सोडू नका.

कूलरसमोर बसून प्राणायाम करू नये. ओला वारा नाकाकपाळावर येतो आणि आवाजानं आपला श्वास आपल्यालाच ऐकू येत नाही. खोली आधी अर्धा तास कूलर लावून गार करून घ्या, मग बंद करा.

बसायचं आसन

आसन फार उंच नको, फार नीच नको, असं गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितलंय. व्यवहारात याचा अर्थ इतकाच, की मांडी घालून बसल्यावर गुडघे कमरेच्या खाली यायला हवेत. भुईवर सपाट बसलं की बहुतेकांचे गुडघे वर राहतात, पाठीला पोक येतो आणि दहा मिनिटांत पायाला मुंग्या. चार-पाच इंच उंचीची घट्ट गादी बुडाखाली घेतली की हे सुटतं.

कापसाच्या मुलखात ही गादी विकत आणणं मला तरी पटत नाही. चौदा इंच बाय चौदा इंच, पाच इंच उंच गादीला दीड किलोच्या आसपास रुई लागते. कापसात रुई साधारण तिसरा हिस्सा, बाकी सरकी. म्हणजे साडेचार किलो कापूस धरा. त्याहून सोपं म्हणजे घरातली बसून गेलेली जुनी गादी पिंजाऱ्याकडून पिंजून घेणं. भरताना सांगा, 'झोपायच्या गादीसारखी मऊ नको, कडक भर.' खोळ खादीची किंवा जुन्या धोतराची, काढून धुता येईल अशी. महिन्यातून एकदा कडक उन्हात टाका, नाहीतर कापूस गठ्ठे धरतो.

तेवढंही नको असेल तर वाकळीची चौघडी चालते. ज्यांचे गुडघे शेतकामानं गेलेत त्यांनी मांडीचा हट्ट धरू नये. लाकडी खुर्ची भिंतीला लावून, पाय भुईवर टेकवून बसावं. बाजेवर मात्र बसू नका. बाज मधोमध झुकते, कंबर खाली जाते.

योगातली बाकीची साधनं घरातच आहेत. ठोकळ्याऐवजी दोन भाजलेल्या विटा, फडक्यात शिवून. पट्ट्याऐवजी जुन्या लुगड्याचा पदर. वाकून पायाचा अंगठा पकडता येत नसेल तर पदर तळव्याला अडकवून ओढायचा. खांद्याखाली घ्यायला घडी केलेली घोंगडी. सेवाग्रामला १९३६ साली गांधीजींसाठी पहिली कुटी बांधायची ठरली तेव्हा खर्च कमीत कमी आणि सामान आसपासचंच, अशी त्यांची अट होती. वर्धेकडे कधी गेलात तर तिथली आदिनिवास आणि बापूकुटी या नजरेनं बघा: मातीच्या भिंती, कवेलू, चटई, आणि बसायला हवं तेवढंच सामान.

मातीच्या भिंतीला पाय टेकवून उलटी आसनं करू नका, पोपडे तोंडावर येतात. भिंतीतल्या खुंट्या, खिळे आणि दिवळीच्या (कोनाड्याच्या) कडा डोक्याच्या उंचीवर आहेत का तेही पाहून घ्या.

विंचूकाटा

हा भाग वगळून चालणार नाही. आपण अंधारात, भुईवर, डोळे मिटून बसणार आहोत.

चटई आणि सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात उभी करू नका. इंचू तिथंच शिरतो. दोरीवर किंवा दांडीवर लटकवा आणि अंथरण्याआधी झटका. पावसाळ्यात मण्यार रात्री घरात येते आणि भुईवर निजलेल्या माणसाला चावते. चावा इतका बारीक असतो की कित्येकदा दुखत नाही, पोटदुखी किंवा पापण्या जड होणं हीच पहिली खूण असते. म्हणून पहाटे बसण्याआधी बॅटरीनं जागा, भिंतीचा तळ आणि कट्ट्यांच्या फटी पाहायच्या. दाराखालची फट पोत्यानं बुजवायची. उंदीर राहतील असा पसारा जवळ नको, कारण उंदरामागं साप येतो. काही झालंच तर बुवाकडे वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा आणि सर्पदंशावरचं प्रतिविष असलेलं सरकारी रुग्णालय गाठा.

ताडोबाच्या आसपास, गडचिरोली-गोंदियाच्या जंगलाला लागून राहणाऱ्यांनी सांदवाडीत किंवा शेतात अंधारात बसू नये. खाली बसलेला, वाकलेला माणूस वाघ-बिबट्याला उभ्या माणसासारखा दिसत नाही. पूर्ण उजाडू द्या, नाहीतर दार लावून आत बसा.

डासांसाठी धूर करायचा तर आधी करा आणि धूर निघून गेल्यावर बसा. उदबत्तीचंही तसंच. बंद खोलीत उदबत्ती पेटवून कपालभाती करण्यात काय पुण्य आहे, ते मला कळलेलं नाही. मच्छरदाणी टांगून तिच्या आत ध्यानाला बसणं सगळ्यांत सोपं.

बायांची जागा

बहुतेक घरांत योगाची जागा म्हणजे बाबांची जागा होते. सुनेला छपरीत पाय ताणता येत नाहीत, माजघरातून सगळे ये-जा करतात, आणि पहाटेची वेळ पाणी, अंगण, डबे यांत जाते. घरात जागा करायचीच असेल तर आधी हिच्या सोयीनं करा. पुरुषाला कुठंही जमतं. आतल्या खोलीत दोरीवर जाड पडदा, आतून लागणारी कडी, आणि घरातल्यांना माहीत असलेली वेळ. हिवाळ्यात दुपारी तीनच्या सुमारास अर्धा तास निघतो. कापूस वेचणीच्या दिवसांत मात्र बाई सकाळीच शेतात जाते. तेव्हा संध्याकाळी भिंतीला पाय लावून पडून राहणं आणि शवासन, इतकं झालं तरी पुष्कळ. दिवसभर वाकून वेचलेल्या पाठीला पुढं वाकण्याची आसनं आणखी नको असतात, मागं वळणारी हवी: भुजंगासन, सेतुबंध, तेही हळू.

ही जागा देवघरापासून वेगळी ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे. अनेक घरांत पाळीच्या दिवसांत बाया देवघराकडे जात नाहीत. जागा एकच असली की दर महिन्याला चार दिवस साधना तुटते, आणि एकदा तुटली की पुन्हा बसायला आठ दिवस लागतात. मूर्ती, फोटो असलेच पाहिजेत असंही नाही. मोझरीच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेत मूर्तीच्या ठिकाणी अधिष्ठान म्हणून आसन मांडलेलं असतं. विदर्भातल्या कितीतरी गावांना ते परिचयाचं आहे. घरातही एक स्वच्छ दिवळी, तिच्यात दिवा, बस.

दिवा त्राटकासाठी, म्हणजे ज्योतीकडे एकटक पाहण्यासाठी, वापरायचा असेल तर डोळ्यांच्या रेषेत, दोन-तीन हातांवर, वारा लागणार नाही असा ठेवा. पंखा बंद. आणि भारनियमनात उपयोगी पडेल असा चार्जिंगचा बल्ब जवळ असू द्या.

आवाज आणि माणसं

गाव पहाटे शांत असतं हा गैरसमज आहे. देवळाचा भोंगा, भजन, घंटागाडी, दुधवाले, मोटार. आवाज थांबवता येत नाही; भोंग्याची वेळ माहीत करून घेऊन त्या वेळात आसनं करा आणि शांत वेळ ध्यानाला ठेवा. मोबाइल दुसऱ्या खोलीत. वेळ पाहायला गजराचं घड्याळ.

घरच्यांना एकदाच सांगायचं, पण नेमकं सांगायचं: 'सहा वाजेपर्यंत मला हाक मारू नका, गाय सुटली तर मारा.' पोरं येऊन पाठीवर बसतात, त्यांना बाजूला एक छोटी चटई द्या. काही दिवसांत ती कंटाळून निघून जातात किंवा करायला लागतात.

पेरणीच्या दिवसांत नियम सैल करावाच लागतो. २१ जूनचा योग दिवस येतो तोच मुळी आपल्या पेरणीच्या धांदलीत. त्या पंधरवड्यात झोपायच्या आधी अंथरुणातच दहा मिनिटं श्वासाकडे लक्ष, इतकंच ठेवा. सतरंजी दांडीवरून काढू मात्र नका, नाहीतर ती कट्ट्यांखाली जाते.

शिकण्याचं म्हणाल तर आसनं पाहून शिकता येतात, प्राणायाम समोर बसून शिकावा. नागपूरचं जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ आणि अमरावतीचं १९१४ पासूनचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही जवळची, जुनी ठिकाणं आहेत. तिथून शिकून गेलेलं कोणी ना कोणी तालुक्याला भेटतं. रक्तदाब, हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायांनी श्वास कोंडून ठेवणारे प्रकार आणि जोराची कपालभाती करू नये, डॉक्टरांना विचारून बाकीचं ठरवावं. आणि शीर्षासन व्हिडिओ पाहून, घरी एकट्यानं, अजिबात नको.